उस्तादांनी कसलेलं चाक

"उस्ताद, मागचं चाक परत हलायला लागलंय," दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या आणि आपली डोंगरी सायकल त्यांनी उस्तादांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीला टेकवली.

उस्तादांनी चाक धरून हलवलं. चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा, म्हणजे एक्सल, चांगलाच ढिला झाला होता. गेल्या आठवड्यात त्यांनीच तो कसला होता, त्याच्या आधीही त्यांनीच. त्यांच्या कपाळावर आठी पडली. आपल्या हातचं काम सुटतं, हे त्यांच्या लेखी सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं होतं.

मग तपास सुरू झाला. दांड्याच्या आट्यांत माती असेल? पुसून नवं ग्रीस लावलं. बेअरिंग अडकून दांड्याला सोबत फिरवत असेल? ते तर गरगर फिरत होतं. दांडा टेकतो तिथे रंगाचा थर असेल, फ्रेमला तडा असेल? भिंग लावून पाहिलं, काही नाही. सगळ्यांची उलटतपासणी झाली. एकाच संशयिताला कुणी विचारलं नाही.

"हल्ली मालच हलका येतो," असा निकाल देऊन उस्तादांनी दातओठ खात एक्सल कसला. "जा आता बिनघोर."

"आज आमचा सगळा गट डोंगरावरून दगडांच्या वाटेनं उतरणार आहे," सिस्टर हसत म्हणाल्या. "पण तुमचा हात लागला ना, की मी वळून बघतसुद्धा नाही."

त्या गेल्यावर तासाभरानं उस्तादांची मुलगी आली. शिक्षण संपल्यापासून इतकी वर्षं ती बापाबरोबर दुकानातच असायची. या महिन्यात तिला कारखान्यात नोकरी लागली. आज सुट्टी म्हणून ती आली आणि सवयीनं स्टुलावर बसली.

"तू गेलीस आणि दुकानाला दृष्ट लागली बघ," उस्ताद म्हणाले. "सगळ्यांचीच मागची चाकं सुटायला लागलीत."

ते हसले. ती हसली नाही.

"मागचीच का, बाबा?"

"अगं, मागच्यावर माणसाचं वजन, वर साखळीची ओढ. उतारावर दणके बसले की जरा कमी कसलेला दांडा फिरत फिरत..." उस्ताद बोलता बोलता थांबले. मुलीच्या तोंडावरचा रंगच उडाला होता.

"रागावू नका," ती म्हणाली. "तुम्ही कसलेलं प्रत्येक चाक मी मागाहून परत कसायची. तुमचं लक्ष नसताना. पूर्वीसारखा जोर लागत नाही तुमचा. कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?"

उस्ताद भडकले. "काल पाना धरायला शिकलीस आणि मला सांगतेस?" त्यांनी स्टँडवरच्या सायकलीचा एक्सल मानेच्या शिरा फुगेपर्यंत कसला आणि पाना तिच्यापुढे आदळला. "घे. फिरव."

तिनं फिरवला. तो सहज पुढे गेला, बराच पुढे गेला.

उस्ताद आपल्या हातांकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"आज कुणाची सायकल दिलीत?" मुलीनं विचारलं.

सिस्टरनी फोन उचलला तेव्हा पलीकडे वारा घोंगावत होता. "उस्ताद, उतरायला निघतोच आहोत, पटकन बोला!"

"ते... मागचा एक्सल कुणाकडून तरी एकदा कसून घ्या."

"का? तुम्ही कसलाय ना?"

"कसलाय हो. पण एकदा बघायला काय जातं?"

"तुमच्या कामावर दुसऱ्याचा हात? थट्टा करता का गरिबाची! चला, ठेवते."

"ठेवू नका!" उस्ताद ओरडले. त्यांनी मुलीकडे पाठ केली. "सिस्टर, माझ्या हातात जोर राहिलेला नाही. मी कसलंय म्हणून विसंबू नका. हात जोडतो."

पलीकडे सिस्टरनी कुणाला तरी हाक मारून पाना मागितला. काहीतरी खणखणलं.

"बराच फिरला, उस्ताद," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मुलीनं डोळे पुसले. "वाचलो, बाबा."

उस्तादांनी नकारार्थी मान हलवली. या महिन्यात त्यांच्या हातून गेलेली एकेक सायकल त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांनी बेकरीवाल्याला फोन लावला आणि तेच वाक्य सांगितलं. मग शिंप्याला सांगितलं. दोघांनीही आधी थट्टा समजून हसून घेतलं, मग दुसऱ्याकडून चाक कसून घेतो म्हणाले.

पुढचा नंबर शाळेतल्या मास्तरांचा. ते आज भल्या सकाळी सायकल घेऊन घाटापलीकडे बहिणीकडे निघाले होते.

घंटी वाजत राहिली. फोन कुणी उचलला नाही. उस्तादांनी परत लावला.

मुलीनं काही न विचारता शटर अर्धं खाली ओढलं, आणि ती रस्त्यावर जाऊन घाटाच्या दिशेनं बघत उभी राहिली. आत उस्ताद फोन कानाला लावून बसले होते. सांगायचं वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं.