माझ्या नावाची शांतता

समोरच्या लिंडक्विस्टांचं यंत्र सुरू झालं की माझ्या घरातल्या कपाटातल्या बशा वाजतात. हे मी रागात फुगवून सांगत नाहीये. मी उठून बघितलंय. खालच्या खणातल्या दोन बशा एकमेकींना घासतात, आणि मी डोक्यावर उशी दाबून त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पडलेली असते.

हॉथॉर्न लेनवर आमची अकरा घरं. प्रत्येकापुढे हिरवळ, प्रत्येकापुढे एकतरी मेपलचं झाड. ऑक्टोबर उजाडला की पानं पडायला लागतात, आणि पानं पडली की या लोकांच्या पोटात दुखायला लागतं. पूर्वी माणसं लांब दांड्याची दाताळी घेऊन पानं ओढायची, खर्रर्र आवाज यायचा, तो कानाला गोडही लागायचा. आता पाठीवर पेट्रोलचं इंजिन, हातात नळकांडं, आणि त्याच्या तोंडातून तुफान वारा. त्याला म्हणतात ब्लोअर. सोमवारी हॅलोरनांकडे माळ्यांची टोळी येते आणि पानं रस्त्याच्या कडेला उडवते. मंगळवारी वारा ती शेजाऱ्यांकडे नेतो. बुधवारी शेजाऱ्यांची टोळी ती परत कडेला आणते. गावची गाडी शुक्रवारी येऊन ढीग उचलते, तोवर ढिगातली निम्मी पानं पुन्हा फिरायला गेलेली असतात. एकच पान आठवड्यात चार घरं हिंडतं, आणि दर घरी त्याच्यासाठी वेगळं इंजिन लागतं. शहाणी माणसं आहेत सगळी, शिकलेली. कुणाला सांगायचं?

मी नर्स आहे. एकोणीस वर्षं रात्रपाळी. आमच्या वॉर्डात दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं असतात, काचेच्या पेटीत, एकेकाचं वजन एखाद्या संत्र्यांच्या पिशवीएवढंही नाही. संध्याकाळी सातला मी हात कोपरापर्यंत धुऊन आत जाते ते सकाळी सातला बाहेर येते. साडेआठला अंथरुणात. तीनपर्यंत झोपायचं. या वेळापत्रकात माझं लग्न झालं, मोडलं, मुलगी वाढली, कॉलेजला गेली. वेळापत्रक कधी हललं नाही. त्या पेट्यांशेजारी मी जशी असते तशी जगात दुसरीकडे कुठेच नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिथे माझा पारा चढत नाही, जिभेवर शिवी येत नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला मी एका बाळाच्या तक्त्यावर दुसऱ्याचं वजन लिहिलं. ओडेसानं, म्हणजे आमच्या मुख्य नर्सनं, ते तासाभरात पकडलं आणि मला बाजूला घेतलं.

"लोरेटा, तू झोपतेस का गं?"

"पडते," मी म्हटलं. "झोपू देतात का ते विचार."

"मला ते विचारायचं नाहीये. या वॉर्डात दुसऱ्यांदा असं झालं तर मी तुला इथे ठेवू शकणार नाही. खालच्या मजल्यावर टेबलाशी बसवावं लागेल, दिवसपाळीत. तू माझ्या जागी असतीस तर हेच केलं असतंस."

केलंच असतं. म्हणूनच मी वाद घातला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी झोपेचा गाऊन, त्यावर कोट, असा अवतार करून रस्ता ओलांडला. समोर वॉल्टर लिंडक्विस्ट. वय त्र्याहत्तर, बँकेतून निवृत्त, स्वतःचं यंत्र स्वतःच्या पाठीवर. गडी एकटाच, पण त्याला टोळीची गरज नाही. एका पानामागे तो पूर्ण हिरवळभर फिरतो. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडापुढे हात हलवला, तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं आणि कानांवरची जाड टोपणं काढली.

"तुम्ही कान झाकून घेता?" मी विचारलं.

"घ्यावेच लागतात. फार आवाज करतं हो हे," तो म्हणाला.

डोकं थंड ठेवून मी सांगितलं की मी रात्री काम करते, सकाळी झोपते, तर त्याला हे तीननंतर करता येईल का.

"तीननंतर आमची फिरायची वेळ असते."

"मिस्टर लिंडक्विस्ट, झाड तुमचं आहे. झाडाखाली पानं पडणारच ना?"

"पडणार," तो शांतपणे म्हणाला, "पण पडून राहणार नाहीत."

मी कानात बोळे घातले. तळघरात बॉयलरशेजारी गादी टाकली. तिथे आवाज कमी येतो पण जमीन थरथरते, दातांपर्यंत. शेवटी शेजारच्या मार्सी हॅलोरननं सल्ला दिला की गावच्या सभेत तक्रार मांड. मार्सी सोन्यासारखी बाई आहे. रस्त्यावर कुणाकडे काही झालं की चोवीस तासांच्या आत तिचा केळ्याचा केक दारात हजर. तिच्यावर चिडणं म्हणजे मोठं पाप, आणि हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

सभा मंगळवारी संध्याकाळी सातला होती, माझ्या सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी सकाळपासून दोन टोळ्या आणि लिंडक्विस्ट असा तिहेरी कार्यक्रम झालेला, माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी भाषण कागदावर लिहून नेलं होतं: सकाळी आठ ते दुपारी तीन यंत्रं बंद ठेवा, एवढंच मागणं. माझ्या आधी घरापुढे होडी उभी करावी की करू नये हा विषय. होडीवाले सतरा, होडीविरोधी बावीस, प्रत्येकाला तीन मिनिटं. सभागृहात मऊ खुर्च्या, गालिचा, कुठे इंजिन नाही. पाचव्या होडीनंतरचं मला काही आठवत नाही.

टाळ्यांनी जाग आली. सगळी माणसं माझ्याकडे वळून बघत होती. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. अध्यक्ष मंचावरून म्हणाले, "धन्यवाद, लोरेटा. आमच्यातर्फे मनापासून." काय चाललंय ते न कळून मी उभी राहिले आणि म्हणाले, "मीच तुमची आभारी आहे." आणखी टाळ्या. हे मी केलं, माझ्याच तोंडानं, आणि त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडता येत नाही.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत मार्सीनं मला मिठी मारली.

"तुझं नाव पुकारलं तीनदा. पण अगं, इतकी गाढ झोपली होतीस, उठवायचं कुणाच्या जिवावर येईना. मग मीच बोलले तुझ्या वतीनं."

"कागद माझ्या हातात होता, मार्सी. वाचायचास तरी."

"हातातून ओढला असता तर जागी झाली असतीस ना. मी आपलं मनातलं बोलले. म्हटलं, ही बाई रात्र-रात्र दुसऱ्यांची बाळं सांभाळते, हिला घरी रात्रीची शांतता तरी मिळायला नको का? सगळ्यांनी एकमतानं पास केलं. सोमवारपासून संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ एकही यंत्र वाजणार नाही. दंड आहे, दंड!"

मी गाडीला टेकले. "मार्सी. मी रात्री घरी नसते. मी सकाळी साडेआठला झोपते."

"तेच म्हणते मी," ती आनंदानं म्हणाली. "आता अर्धा तास तरी कुणी त्रास देणार नाही."

रात्री झोपणाऱ्या माणसाला झोप म्हटलं की रात्रच दिसते. तिच्या डोक्यात मी म्हणजे कायम दमलेली एक बाई, आणि दमलेल्या बाईला रात्री झोपवायचं, एवढं तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावच्या कचेरीत फोन केला. तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली की नियम झाला तो झाला, फेरविचार एप्रिलमध्ये. "पण मॅडम, हा तर तुमच्यासाठीच केलाय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा दुखावल्यासारखं होतं.

शुक्रवारपर्यंत हिरवळींवर पाट्या उगवल्या. आमच्याकडे काहीही झालं की लोक हिरवळीवर पाटी रोवतात. निवडणूक असो, मुलीची पदवी असो, हरवलेलं मांजर असो. या पाट्या निळ्या होत्या: "आमच्या नर्स लोरेटासाठी शांत रात्री." अकरापैकी नऊ घरांनी लावल्या. लिंडक्विस्टनं तर दोन.

मग सोमवार आला. आधी टोळ्या सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत विखरून यायच्या, कधी दुपारी चार, कधी संध्याकाळी सहा. आता सगळ्यांना नऊ ते पाचमध्येच उरकायचं. नऊच्या ठोक्याला रस्त्यावर पाच इंजिनं एकदम सुरू झाली. मी खिडकीतून बघितलं. माळी पाटीपाशी येऊन वारा जरा कमी करत होता, पाटी पडू नये म्हणून, माझं नाव लिहिलेली पाटी, आणि मग पुन्हा पूर्ण जोर. मी तिथेच खिडकीत उभी राहून हसले. हसता हसता रडू आलं, आणि मग इतका संताप आला की हातातला पेला मी सिंकमध्ये फोडला. तीन आठवडे असे गेले. रोज दोन तास झोप, फार तर अडीच.

नोव्हेंबरातल्या एका रात्री, पहाटेच्या सुमाराला, मी दूध घेऊन पेटीपाशी गेले. आमच्याकडे प्रत्येक आईचं दूध वेगळ्या बाटलीत, त्यावर बाळाच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठी आधी वाचायची, मग मनगटावरच्या पट्टीशी ताडायची, मग नळी लावायची. एकोणीस वर्षं हात आपोआप हे करतात. मी चिठ्ठी वाचली. पट्टी वाचली. नळी हातात घेतली, आणि काय झालं कोण जाणे, परत चिठ्ठी बघितली. नाव दुसऱ्या बाळाचं होतं. मी दोन्ही वाचली होती आणि दोन्हीतलं काहीही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

मी बाटली बदलली. बाळाला त्याचं दूध पाजलं. कुणी बघितलं नव्हतं. शेजारची नर्स पलीकडच्या खोलीत होती, कागदावर काही उमटलं नव्हतं, आणि मी गप्प बसले असते तर देवालाही पत्ता लागला नसता. पाळी संपेपर्यंत मी दर बाटली तीन-तीनदा वाचली. माझ्याच हातांची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

सकाळी सातला ओडेसाच्या दारात उभी राहिले.

"मला काढ इथून," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

तिनं मला आत घेऊन दार लावलं. मग म्हणाली, "तुझ्या लक्षात आलं, लोरेटा. झालं काहीच नाही. सुट्टी घे दोन आठवडे."

"दोन आठवड्यांनी मेपलची पानं संपतील, ओकची सुरू होतील. मग बर्फ काढायची यंत्रं. मला स्वतःचा भरवसा नाही गं उरलेला. त्या बाळांना बोलता येत नाही."

"तुला हे हवंय का?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नकोय." आणि मग तिच्या टेबलावर डोकं ठेवून मी रडले, लहान पोरीसारखी. तिनं खालच्या मजल्यावर फोन लावला.

आता मी दिवसभर टेबलाशी बसून लोकांना तपासणीच्या वेळा देते. काम वाईट नाही. सव्वापाचला घरी येते, तेव्हा हॉथॉर्न लेन चर्चसारखी शांत असते.

पहिल्याच आठवड्यात मार्सी केक घेऊन आली. गरम होता, फडक्यात गुंडाळलेला.

"तुझी गाडी रात्री दारात दिसते हल्ली," ती म्हणाली. "बरी आहेस ना?"

"दिवसपाळी घेतली."

"अय्या, म्हणजे आता रात्री घरी! बघ, तुझ्यासाठी केलेला नियम तुझ्या कामी आला की नाही?"

तिला सगळं सांगावं असं जिभेच्या टोकावर आलं होतं. त्या बाटलीचं, माझ्या हातांचं, एकोणीस वर्षांचं. पण तिचा चेहरा इतका खूश होता, आणि सांगून एप्रिल काही लवकर येणार नव्हता. मी केक घेतला. "आला ना," म्हटलं.

रात्री दहाला दिवा मालवून मी पडते. बाहेर एकही आवाज नसतो, सकाळी नऊपर्यंत नसतो, आणि तो कुणी केला तर त्याला दंड आहे. त्या वेळी तिकडे वॉर्डात कुणीतरी दुसरीच बाई कोपरापर्यंत हात धुऊन आत गेलेली असते. मी छताकडे बघत असते, टक्क जागी. एकोणीस वर्षं रात्री जागलेल्या बाईला रात्री झोप येत नाही, हे सभेत कुणाला सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.