विनंती थांबा

वहिनींनी रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून डाव्या पायातला बूट काढला, मोजा सोलल्यासारखा उतरवला आणि टाच नणंदेच्या तोंडासमोर धरली.

"बघा वन्सं. काल हरभऱ्याएवढा होता, आज लिंबाएवढा झालाय."

कंडक्टरबाईंनी चष्मा वर करून फोड पाहिला. लिंबाएवढा काही नव्हता, पण हरभऱ्याच्या पुढे नक्की गेला होता. त्यांनी पिशवीतून कापूस काढला, पट्टी दातांनी तोडली आणि टाच बांधून दिली.

"आता कितीसं राहिलंय? हा चढ, मग वळण, वळणापुढे निळं फाटक. बोलता बोलता येतं."

"हे तुम्ही सकाळी नऊलाही म्हणाला होतात."

खरंच होतं ते. अठ्ठावीस वर्षं कंडक्टरबाईंनी याच रस्त्यावर तिकिटं फाडली होती. एकशे नव्वद किलोमीटर, सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त होताना त्यांना एकच गोष्ट खटकली, की एवढ्या वर्षांत या रस्त्यावर आपला पाय म्हणून पडलेला नाही. मग त्यांनी जाहीर केलं, की पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत चालत जायचं आणि वाटेत एकाही वाहनाला हात लावायचा नाही. दादाने डोक्याला हात लावला. वहिनी मात्र बूट आणायला बाजारात गेल्या. एकटीला सोडलं तर ही वाटेत भेटेल त्याला तिकीट विचारत बसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दादा आता घरी स्वतःच्या हातचं खाऊन बारीक होत होता.

आजचा सहावा दिवस. घोडं अडलं होतं ते कंडक्टरबाईंच्या हिशेबापाशी. जिथं गाडी खच्चून भरायची, तो पट्टा तिकिटं फाडण्यात कधी सरायचा ते त्यांना कळायचं नाही, म्हणून तो त्यांच्या लेखी जवळचा. जिथं गाडी रिकामी धावायची, तो लांबचा. काल ज्याला त्या दिवसभराची चाल म्हणाल्या, ते अंतर जेवणाआधीच संपलं. आज ज्याला हाकेच्या अंतरावर म्हणाल्या, ते चौदा किलोमीटर निघालं.

तरी त्यांचा पाय उचलत होता. निळ्या फाटकापाशी एक बाई राहायची. तिथं थांबा नव्हता, साधा विनंती थांबासुद्धा नव्हता, त्यामुळे गाडी कधी थांबली नाही. पण रोज सकाळी पावणेआठला ती बाई फाटकाबाहेर उभी असायची आणि हात करायची. कंडक्टरबाई तिकिटांची पेटी काखेत दाबून खिडकीतून हात हलवायच्या. एकोणीस वर्षं. भांडखोर प्रवासी असोत, सुट्ट्या पैशांवरून डोकं उठो, ते फाटक गेलं की त्यांचा दिवस मार्गी लागायचा. एक शब्दही न बोललेली ही मैत्रीण भेटावी, म्हणून तर त्या निघाल्या होत्या. शेवटचा थांबा हे निमित्त होतं, आणि वहिनींनी ते दुसऱ्या दिवशीच ओळखलं होतं.

"तिनं ओळखलं नाही तर?" चढावर वहिनींनी विचारलं.

"तर पाणी मागायचं आणि पुढं चालायचं."

त्या सहज म्हणाल्या, पण पुढची दहा मिनिटं त्यांनी साडीची घडी तीनदा नीट केली.

वळण आलं. फाटक निळंच होतं, रंग तेवढा पोपडे धरून उडालेला. आत एका खोलीच्या दारात शिवणयंत्र चालू होतं आणि शाळेचे गणवेश दोरीवर ओळीने लटकत होते. कंडक्टरबाई फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. काय हाक मारावी ते सुचेना, म्हणून त्यांनी हात वर केला, नेहमीसारखा.

यंत्र थांबलं. चष्मा कपाळावर सारत एक बाई बाहेर आली. वयाने त्यांच्याच बरोबरीची, गळ्यात मापाची फीत. तिने आधी हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तुम्ही बसमधल्या," ती म्हणाली. "खाली उतरलात एकदाच्या."

कंडक्टरबाईंना इतका आनंद झाला, की डोळे भरून आले आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. चहा झाला. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने वहिनींची टाच पाहिली, गरम पाण्याची बादली आणून दिली आणि गणवेशाच्या कापडातली मऊ चिंधी फाडून नवी पट्टी बांधली. वहिनींनी बादलीत पाय सोडला आणि जगाशी संबंध तोडला.

"तुमचा हात दिसला नाही त्या दिवशी मला चुकल्यासारखं व्हायचं," कंडक्टरबाई म्हणाल्या. "मी घरी सांगायची, माझी एक मैत्रीण आहे म्हणून. विचारा वहिनीला."

"कान किटले आमचे," वहिनी बादलीतून म्हणाल्या.

बाई हसली. मग कपातल्या चहाकडे बघत बसली. सांगावं की नाही, हे ती ठरवत असावी.

"सांगू का? सुरुवातीला मी बस थांबवायला हात करत होते."

कंडक्टरबाईंचा कप ओठांपाशीच राहिला.

"शहरात कपड्यांच्या कारखान्यात काम लागलं होतं मला. नऊला हजर व्हायचं. चालत चौकापर्यंत जाऊन दुसरी बस धरली, की उशीर व्हायचा. म्हणून रोज इथं उभी राहायची. तुम्ही यायचात, छान हसायचात, हात हलवायचात आणि जायचात. पंधरा दिवसांत काम गेलं."

कंडक्टरबाईंना गाडीतली दोरी आठवत होती. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. दोरी त्यांच्या डोक्यावरच असायची. फक्त हात रिकामा नसायचा.

"मला कळलंच नाही हो," त्या म्हणाल्या.

"कसं कळेल? तुमच्या गाडीला इथं थांबाच नव्हता. पहिले काही महिने शिव्या घातल्या मी तुम्हाला, अगदी पोटभर. मग हे यंत्र घेतलं. कारखान्याला पुढं टाळं लागलं, यंत्र अजून चालतंय. म्हणून तुम्ही माझं भलं केलंत, असं काही मी म्हणणार नाही."

"नकाच म्हणू."

"पण एका सकाळी बाहेर आले आणि हात आपोआप वर गेला. कुठं जायचं नव्हतं मला त्या दिवशी." तिने चष्मा पुसला. "या रस्त्याने एवढी माणसं जातात. बघणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात."

कंडक्टरबाई उठून दोरीवरच्या गणवेशांजवळ गेल्या. एका सदऱ्याची बाही नीट होती, ती त्यांनी उगाच सरळ केली. परत आल्या तेव्हा बाईने त्यांचा कप पुन्हा भरून ठेवला होता, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला.

साडेपाच झाले. मुक्कामाची खोली अजून पाच किलोमीटर पुढे होती आणि वहिनींना बुटात पाय घालवेना. एक बूट पायात, दुसरा हातात, अशा त्या दारात बसून राहिल्या. तक्रार त्यांनी केली नाही. म्हणूनच कंडक्टरबाईंना राहवलं नाही.

"वहिनी, आज बसने जाऊ."

"आणि तुमची अट?"

"अट माझीच होती ना? मग मोडायलाही मीच. संध्याकाळची तिकडे जाणारी गाडी येईलच आता. इथं थांबा नसला तरी माझ्यासाठी थांबेल. सगळी आमचीच माणसं आहेत."

त्या फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. बाई मापाच्या फितीसकट शेजारी आली. वळणावर गाडी दिसली तसा कंडक्टरबाईंनी हात वर केला, चांगला खांद्यापासून. गाडी भरलेली होती. खिडकीत एक तरुण कंडक्टर मुलगी तिकिटांत बुडाली होती. तिने मान वर केली, रस्त्याकडेला उभ्या दोन वयस्क बायका पाहिल्या आणि तिचं तोंड एकदम फुललं. तिने खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवला. गाडी धूळ उडवत पुढे निघून गेली.

कंडक्टरबाईंचा हात वरच होता. खाली घेण्याआधी त्यांनी तो हलवला, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

"नवीन आहे," बाई म्हणाली. "पण रोज करते." आणि तिने फाटक पुरतं उघडलं.

"थांबली का हो वन्सं?" दारातून वहिनींनी विचारलं.

"नाही. पण काय छान हात केला तिनं."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दुसराही बूट काढला.