पोटातली शेवटची नळी

मी एक जुनी शीतटाकी आहे. रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत उभी असते. माझ्या पोटात अतिथंड द्रव नायट्रोजन आणि त्यात करंगळीएवढ्या नळ्या. प्रत्येक नळीत एकेका रुग्णाच्या आजारी पेशी, गोठलेल्या पण जिवंत. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, मित्रांनो. झाकण उघडलं की वाफ जमिनीवर पसरते आणि कामाला आलेली माणसं आपोआप हळू बोलू लागतात.

पूर्वी माझं फार कौतुक होतं. मग नव्या टाक्या आल्या, आणि एका लांबलेल्या सुट्टीत मला भरायचंच राहिलं. द्रव खाली गेला. वरच्या कप्प्यातल्या अकरा नळ्यांतलं गोठलेलं वितळलं, आतल्या पेशी मेल्या. त्यांचं गप्प होणं मला अजून ऐकू येतं.

एका दुपारी खाकी गणवेशातले एक बसचालक काका आले.

"मॅडम, माझ्या लेकीचं, चिमणीचं इथे काहीतरी राहिलंय म्हणतात. तेवढं द्या, घरी नेतो."

संशोधक बाईंनी स्टूल पुढे केलं. "काका, तो तिचा आजार आहे. दोन नळ्या होत्या. एक आमच्या हलगर्जीपणाने गेली."

काका माझ्याकडे बघत राहिले. "पोरगी गेली, आणि हा अजून जिवंत? कशाला ठेवलाय?"

"नुसत्या केमोला तो दाद देत नव्हता. सोबत नेमका त्याच्यावरच घाव घालणारी दोन औषधं देऊन बघायचंय. पेशी संशोधनाला द्यायची सही तिनेच केली होती."

काकांनी डोळे पुसले. "मग बघा. पण ही तरी सांभाळा."

बाईंनी नळी काढली, कोमट पाण्यात धरली. माझ्या पोटात एक जागा रिकामी झाली.

चार दिवसांनी काका पुन्हा आले. प्रयोगाच्या काचेच्या बशीत नुसत्या केमोने निम्म्या पेशी मेल्या होत्या. तिन्ही औषधं एकत्र दिल्यावर शंभरातल्या चारच उरल्या होत्या.

"हे तेव्हा असतं तर चिमणी वाचली असती?"

"माहीत नाही, काका. बशीतलं वेगळं, माणसातलं वेगळं. आता रुग्णांवर चाचणी करायची परवानगी मागणार आहोत."

काकांनी माझ्या गार झाकणावर हात ठेवला. बराच वेळ उचलला नाही.

मित्रांनो, माझी पातळी रोज बघत जा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आत अजून दोनशे सात जण आहेत.