चहाआधीची सावली

वाळलेलं निंबाचं झाड स्वयंपाकघराच्या भिंतीच्या वीतभर अलीकडे पडलं आणि कोणालाही खरचटलं नाही. पण हे अजून झालेलंच नाही असं धरून चालू. कारण रोहणा गावातल्या त्या अंगणात लाकूड तोडणाऱ्या आदेशचं मशीन बुंध्यात अर्धं शिरलं होतं, आणि दहावीतली मंजुषा एकदा शेंड्याकडे, एकदा भिंतीकडे बघत होती.

पलीकडून विजेच्या तारा गेल्या होत्या, म्हणून झाड घराकडेच पाडायचं होतं. भिंत चाळीस फुटांवर. झाडाची उंची मंजुषानं सावलीवरून काढली होती: काठी उभी, झाडही उभं, दोन्हींवर ऊन एकाच कोनात, को-को कसोटीनं त्रिकोण समरूप. झाड छत्तीस फूट. चार फूट शिल्लक.

"पोरीच्या गणितावर झाड पाडतं का रे चंद्रभान?" शेजारचे नानाजी तिच्या बाबांना सगळ्यांसमोर म्हणाले होते. मग तिच्याकडे वळून, "भूमितीत किती मार्क होते तुले, बाई?"

मंजुषानं ओढणीचं टोक चावलं होतं. तेव्हा आई, देवकाबाई, पदर खोचत म्हणाली होती, "मी आतच भाजी निवडत बसते. पोरीनं सांगतलं ना, घरावर नाई पडत."

आता मशीन घरघरत होतं, आणि मंजुषाला चहा आठवला.

झाडाची सावली मोजून झाली तेव्हाच आईनं हाक मारली होती, "चहा निवून राह्यला, पैले पेऊन घे." ती प्यायली. बशीत ओतून, फुंकर मारत. मग काठीची सावली मोजली. सूर्याला कोणी चहा विचारला नव्हता. तो पुढे निघून गेला होता. दुपार कलली, काठीची सावली लांबली, आणि झाड गणितात बुटकं झालं. कोन सारखे नव्हतेच. झाड खरं किती उंच, ते देव जाणे.

"थांबा!" ती ओरडली. आदेशनं कानात कापूस कोंबला होता. दोर धरून उभे असलेले बाबा शेंड्याकडे बघत होते.

ती स्वयंपाकघरात धावली.

"आई, ऊठ! गणित चुकलं!"

देवकाबाई पाटावर मेथी निवडत होती. मंजुषानं तिचा दंड धरला आणि थबकली. सिलेंडर नव्हतं. शेगडी नव्हती. फळीवरची भांडी, दुधाचं पातेलं, देव, काहीच नव्हतं. लोणच्याची बरणीसुद्धा सुखरूप हलवलेली होती. खोलीत फक्त आई होती.

"सामान कुठं गेलं?"

"मागच्या दारानं, मागल्या गल्लीतल्या आचलच्या घरी ठेवून आली मघाशी."

"मंग तू काऊन बसली?"

"नानाजी पाहून राह्यले होते ना."

कडाड झालं. दोघी एकमेकींना बिलगल्या, मेथी सांडली. खिडकीबाहेर वाळक्या काड्या खडखडल्या आणि थांबल्या.

"मले तं पैलेच मालूम होतं!" बाहेरून नानाजींचा आवाज आला. "मंजुषा, उद्या आमची चिंच मोजाले येजो!"

आई मेथी वेचू लागली. निवडलेली आणि न निवडलेली एकत्रच. मंजुषा तिच्या शेजारी वेचायला बसली. शाळेत शिकवला तसा अर्ज ती मनातल्या मनात लिहीत होती: मा. सूर्यनारायण यांस, चहा सुरू असताना आपण जागेवरच थांबावे. ते शक्य नसल्यास, अर्जदाराचे गणित चुकले असता अर्जदाराच्या आईस घराबाहेर बसण्यास भाग पाडावे, ही नम्र विनंती.