तयार

"अगं, ही पोरगी धावतेय की कुणाला शोधतेय?" नातवाला मांडीवर घेऊन मैदानाच्या पायरीवर बसलेल्या मॅडमच्या सासूबाईंनी विचारलं.

"आई, ती तशीच धावते," असं म्हणून मॅडमनी शिट्टी तोंडात घातली. म्हणजे पुढचं बोलावं लागणार नाही.

कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ मॅडमच्या हाती होता. गेल्या वर्षीचा संघ म्हणजे नुसता हरणांचा कळप. पोरी सुसाट पळायच्या, उंच उंच उडायच्या. चेंडू तेवढा जाळीत जायचा नाही. दर पराभवानंतर प्राचार्य मायेने म्हणायचे, "पळाल्या मात्र छान!" ते ऐकून मॅडमचे कान किटले. यंदा त्यांनी ठरवलं, पाय थोडे हळू चालले तरी चालेल, पण मुलगी उंच हवी आणि हाताची पक्की हवी.

तशी एक सापडली, सासूबाईंनी विचारलं ती हीच. सगळे तिला शिडी म्हणत. जिना चढताना कठडा धरणारी, पण जाळीखाली पोचली की झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा चेंडू अलगद आत ठेवायची.

तिला जागा द्यायची तर पाच जणींतून फटाकडीला काढावं लागणार होतं. फटाकडी संघातली सगळ्यांत चपळ मुलगी, आणि हे तिचं शेवटचं वर्ष. मॅडमनी सांगायचं वाक्य मनाशी जुळवून ठेवलं होतं. पण ती समोर आली की त्या वळून बाळाचं नाक पुसायला लागायच्या.

"मॅडम, त्याला सर्दी नाहीये," शेवटी फटाकडीच म्हणाली. "बोला काय ते."

"यंदा तू बाहेर बसशील. गरज पडली तर उतरवीन. तुझ्या जागी शिडी."

"शिडी? मॅडम, ती तिकडे पोचेपर्यंत तिकडच्या सगळ्या इकडे येतात!"

"येऊ देत. ती पोचली की चेंडू आत जातो. तू सगळ्यांच्या आधी पोचतेस गं, आणि मग..."

"आणि मग तुम्ही डोळे मिटता. दिसतं मला." ती हसली. पण बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत बसली.

सामन्यात शिडी खांबासारखी उभी राहिली. समोरच्या मुली तिच्याभोवती उड्या मारमारून धापा टाकू लागल्या. "आज आपल्यात कुणाला घाई नाही वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

घाई एकटीला होती. कधीही बोलावणं येईल म्हणून फटाकडी रेषेबाहेर सारखी पळत होती. शेवटी शेवटी मॅडम तिच्याकडे वळल्या. तिने झटकन शर्ट खाली ओढला.

"शिडीला पाणी दे गं."

तिने पाणी नेऊन दिलं. आणि परत येऊन सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "हळू! शिडे, घाई करू नकोस!"

शिडीने घाई केली नाही. संघ जिंकला.

प्राचार्य नेहमीप्रमाणे उशिरा आले. पाच कोरड्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. त्यांना ओलांडून ते घामाने निथळणाऱ्या फटाकडीकडे गेले. "वा! तू एकटीच जीव तोडून खेळलेली दिसतेस!"

मॅडम वळून बाळाचं नाक पुसायला लागल्या.

फटाकडीने ओला तळवा पँटला पुसला आणि मग हात पुढे केला.

"शिडी खेळली, सर," ती म्हणाली. "मी तयार होते."