लोकरी टोपीवरची अकरा वर्षं

मित्रांनो, मी कानांवर बसून यंत्रांचा आवाज अडवणारा एक जुना इअरमफ आहे. दोन वाट्या, त्यांच्या कडेला मऊ गाद्या आणि वरून जोडणारी एक पट्टी, एवढाच माझा देह. अमेरिकेत ओहायोच्या टेकड्यांत, वीज-मोटारी टाळून जुन्या साध्या रीतीने राहणाऱ्या आमिश लोकांच्या वस्तीत, एनॉस हर्शबर्गरच्या घरामागे सुतारकामाची कार्यशाळा आहे. तिथल्या एका खिळ्यावर माझा मुक्काम असतो. शेजारच्या खिळ्यावर चष्मा असतो. तो स्वतःला फार शहाणा समजतो, पण आमचे बरे चालते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी लालभडक होतो आणि मला त्याचा तोराही होता. एनॉसची बायको मलिंडा मला घोडागाडीतून घेऊन आली. एनॉसने मला उलटसुलट करून पाहिले.

"अगं, हे काय? मी घोडा आहे का, झापडं लावायला?"

"घोडा सांगितलेलं ऐकतो तरी," मलिंडा म्हणाली. "घाल गुपचूप. आणि आधी हा लाल रंग घालव. लोक म्हणतील, हर्शबर्गर म्हातारपणी नटायला लागला."

त्याच संध्याकाळी मला चुलीला लावायचा काळा रंग फासला गेला. मी चार दिवस रुसलो. मग एनॉसचे काम पाहिले आणि रुसवा कुठल्या कुठे गेला.

तो डोलखुर्च्या करतो. या कार्यशाळेत वीज नाही. भिंतीपलीकडे डिझेलचे इंजिन धडधडते आणि पट्ट्यांवर सगळी यंत्रे फिरतात. त्यांत रंध्याचे यंत्र सर्वांत दांडगे. ओकची फळी आत गेली की ते असे किंचाळते की बाहेर बांधलेली घोडी पाय आपटते. एनॉस मात्र शांत. फिरत्या यंत्रापाशी हातमोजे घालायचे नाहीत, बाही कोपरावर दुमडायची, चष्म्याशिवाय पाते सुरू करायचे नाही, हे सगळे तो न चुकता पाळायचा. असा मालक मिळायला भाग्य लागते, मित्रांनो.

आणि त्याचे कान! वस्तीच्या रविवारच्या प्रार्थनेत गाणे तोच उचलायचा. इथे वाद्य नसते. ओळीची सुरुवात एकट्याने करायची आणि मग बाकांवरचे सगळे त्या सुरात मिसळतात. सूर चुकला तर दीडशे माणसे चुकतात. म्हणून मला वाटायचे, आपण केवढी मोठी वस्तू सांभाळतो आहोत!

आता चूक कुठे झाली ते सांगतो. लाकडाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून एनॉसने तोंडावर बांधायचा मास्कही आणला होता. पण इथे लग्न झालेला माणूस दाढी काढत नाही. एनॉसची दाढी छातीपर्यंत. मास्क नीट बसेना. मग त्याने धूळ बाहेर जावी म्हणून दोन्ही दारे सताड उघडी ठेवायला सुरुवात केली. दारे उघडी, म्हणून हिवाळ्यात गारठा. गारठा, म्हणून मलिंडाने कानांवर येणारी जाड लोकरी टोपी विणली. आणि त्या टोपीवरून एनॉस मला घालू लागला.

"दुहेरी बंदोबस्त!" तो खुशीत म्हणाला.

मलाही ते पटले. ऊबदार लोकरीवर मी ऐटीत बसायचो. असे अकरा हिवाळे गेले.

बाराव्या हिवाळ्यात, एका दुपारी इंजिन बंद करून एनॉस कॉफी पीत उभा होता. तो एकदम म्हणाला, "ऐकलंस? रातकिडे. या वर्षी लवकर उठले."

मलिंडाने उघड्या दारातून बाहेर पाहिले.

"एनॉस," ती हळू म्हणाली, "बाहेर गुडघाभर बर्फ आहे."

गावातल्या कान तपासणाऱ्या बाईंकडे जाऊन आल्यावर एनॉसने मला खिळ्यावरून काढले.

"ते रातकिडे माझ्या कानातच आहेत, आणि वरचे, बारीक सूर गेले म्हणाल्या. गेलेले परत येत नाहीत. मग अकरा वर्षं हे कशाला घातलं मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी मलिंडाने एनॉसला कानांत कापसाचे बोळे घालून यंत्रात फळी घालायला लावली आणि मला स्वतः घातले. आधी आपल्या नेहमीच्या, कांजी केलेल्या कडक टोपीवरून. तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिने टाचण्या काढल्या, टोपी उतरवली आणि मला थेट कानांवर बसवले. तिचे डोळे मोठे झाले. तिने हात वर करून यंत्र बंद करवले.

"ती लोकरी टोपी दे इकडे."

"अगं, थंडी..."

"दे म्हणते ना! हिवाळाभर झापडं तुझ्या कानावर बसलीच नाहीत, लोकरीवर बसली. फटीतून सगळा आवाज आत. लोकरीचे कान वाचवलेस तू अकरा वर्षं!"

अर्धवट झालेल्या खुर्चीवर बसून तिने त्या टोपीच्या कानांवरच्या बाजू उसवल्या. विणलेल्याही तिनेच होत्या. ही बाई मला त्या दिवसापासून फार मोठी वाटते.

वसंतात, पाळीपाळीने घरोघरी भरणारी प्रार्थना आमच्याच कार्यशाळेत भरली. यंत्रे भिंतीला सरकवून बाक मांडले होते. एनॉसने गाणे उचलणार नाही असे सांगून ठेवले होते. पण वेळ आली तेव्हा सगळे नुसतेच थांबून राहिले. शेवटी शेजारचा म्हातारा अब्नर कुजबुजला, "उचल रे. डगमगलास तर आम्ही आहोत."

एनॉसने उचलले. सूर थोडा खाली होता. सगळे त्याच खालच्या सुरात आले.

माणसे गेल्यावर बाक उचलताना त्याने मलिंडाला विचारले, "शेवटच्या कडव्याला मुली गप्प का होत्या?"

"त्या गात होत्या, एनॉस."

त्याने बाक खाली ठेवला. "तुझा जाड आवाज मात्र आला मला," तो म्हणाला. "तेवढा राहू दे."

मित्रांनो, गेलेले मी परत आणू शकलो नाही. पण आता रोज सकाळी एनॉस टोपी वर सारतो, कानांवरचे केस मागे घेतो आणि मला घालतो. मलिंडा माझ्या दोन्ही वाट्यांच्या कडेने बोट फिरवते. कुठे फट नाही ना, पाहते. तिने मान हलवल्यावरच इंजिन सुरू होते. तुमच्या घरी असे बोट फिरवणारे कुणी असेल तर त्याच्यावर चिडू नका. नसेल, तर स्वतःचे फिरवा, पण यंत्र सुरू करण्याआधी फिरवा.