आमेन होईपर्यंत पुसायचं नाही

माझ्यावर खोटं लिहिलं गेलंय. एकदा नव्हे, चांगल्या चाळीस संध्याकाळी! आणि लिहिणाऱ्याचा हात जराही अडखळला नाही. आता पाटीने काय करायचं, सांगा. खरं-खोटं तपासणं माझं काम नाही. लिहिलेलं दाखवायचं, एवढंच मला येतं.

हो, मी पाटी बोलतेय. काळी, दगडी, लाकडी चौकटीतली. डोंगरातून कापून मला तासलं तेव्हा वाटलं होतं, आता शहाण्यांच्या संगतीत दिवस जातील. मिळाली कोण, तर थुंकी लावून बोटाने पुसणारी पहिलीतली चिमुरडी. माझ्या कोपऱ्याचा टवका हा तिचाच पराक्रम. ती वह्यांवर गेली आणि मी कपाटामागे कोळ्यांच्या ताब्यात गेले.

तिथून मला तिच्या आत्याने ओढून काढलं. चिमुरडीचे बाबा पाव भाजतात. पुढे बेकरी, मागे घर, मध्ये स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी स्थापना झाली. आत्याचा नियम असा: जेवणाआधी प्रत्येकाने त्या दिवसाच्या उपकाराची एक ओळ लिहायची, वाचायची, सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं आणि मगच ओलं फडकं फिरवायचं. आमेन होईपर्यंत पुसायचं नाही.

किती वर्षं सुखात गेली! आई लिहायची, ‘चादरी वाळल्या.’ आत्या लिहायची, ‘गुडघा गप्प होता.’ बाबांची ओळ मात्र ठरलेली. ‘भट्टीचा वास छान आला.’

“दुसरं काही सुचतच नाही का रे तुला?” आत्या विचारायची.

“अगं ताई, त्या वासावर तर घर चालतं!”

आणि ते खरंच होतं. त्यांच्या बेकरीत घड्याळ नाही. पाव झाला की नाही, हे त्यांना नाक सांगतं.

मध्यंतरी बाबा तापाने आठवडाभर निजून होते. उठले, कामाला लागले, ओळ पुन्हा तीच. मग एका सकाळी स्वयंपाकघरात धूर आला. चिमुरडी आता कॉलेजात जाते. ती दप्तर टाकून धावली.

“बाबा, जळतंय!”

“काय जळतंय?”

ते भट्टीसमोरच उभे होते, कमरेवर हात ठेवून. आतले पाव कोळसा झाले होते.

संध्याकाळी सगळं बाहेर आलं. तापासोबत वास गेला होता, तो परतलाच नव्हता. इतके दिवस पाव अंदाजाने निघत होते.

“मग रोज खोटे आभार मानत होतात?” लेकीने विचारलं.

“खोटे नाही गं. आगाऊ. म्हटलं, आधीच आभार मानले की त्यालाही परत द्यावंच लागेल.”

“म्हणजे देवाला कोंडीत पकडत होतात!”

“अगं, घड्याळ आणू की,” आई म्हणाली.

“घड्याळाला काय कळतंय? पीठ रोज वेगळं असतं.” बाबांचा आवाज बसला. “वास नाही तर मी कसला पाववाला?”

लेकीने मला ओढलं आणि पेन्सिल मोडेल इतक्या जोराने लिहिलं, ‘आज आभार नाहीत.’ नियमाप्रमाणे ती ओळ वाचूनही दाखवली. आत्या फडकं घेऊन धावली, तर आईने हात धरला. “वन्सं, आमेन झालं नाही अजून. नियम तुमचाच आहे.”

आमेन कोण म्हणणार? ती ओळ तीन दिवस माझ्यावर राहिली. माझा गोंधळ काय सांगू! चाळीस दिवस खोटे आभार, त्यांवर घसघशीत आमेन. आणि एक खरी ओळ लिहिली गेली, तर सगळ्यांची तोंडं शिवलेली. देवाला यातलं कुठलं पोचतं? मला वाटायचं, उपकार म्हणजे छान अक्षर. आता काहीच कळेनासं झालंय.

या तीन दिवसांत लेक कॉलेजच्या आधी भट्टीपाशी उभी राहते. मला ऐकू येतं. “थांबा... थांबा... बाबा, काढा आता!” एकही पाव जळला नाही. पण बाबा जेवायला येत नव्हते.

आज आले. आत्ताच. बसले, पेन्सिल उचलली, आणि लेकीच्या ओळीखाली लिहून जड आवाजात वाचलं, ‘वास येत नाही. लेक सांगते तेव्हा पाव काढतो.’

हे गाऱ्हाणं आहे की उपकार? लेक पाटीकडे बघतेय, आत्या फडक्याकडे. बाबा मान खाली घालून वाट बघताहेत. तापानंतरची त्यांची ही पहिलीच खरी ओळ. ती कुणी झेलली नाही, तर ते पुन्हा या टेबलाशी बसतील असं मला वाटत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा हो, मी दगड आहे. आणि तुमच्याही घरी पाटी असेल, तर तिच्यावर खरं लिहा, गाऱ्हाणं असलं तरी.

मागच्या दारात पीठवाले मामा कधीचे उभे आहेत. दर शनिवारी ते याच वेळेला येतात आणि आमेन ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

“आमेन म्हणा की कुणीतरी,” मामा म्हणाले, “खांद्यावर पोतं आहे माझ्या.”